भुंग्यासाठी वाढलेलं पान

एकदा काय झालं, आश्विन महिना लागला होता. पाऊस परतला होता, सकाळी गवतावर दव असे आणि दुपारी उन्हाचा चटका बसे. अशा एका शनिवारी आठ वर्षांची वेणू आपल्या आईबाबांबरोबर आणि धाकट्या छबीबरोबर एसटीने हरणटेंब्याला आली. हरणटेंब्याला तिचे राघूआबा आणि सरूआजी राहत. मुक्काम दोनच दिवसांचा, कारण बाबांना सोमवारी कचेरी होती.

घरामागे भाताचं शेत होतं. लोंब्या पिवळ्या होऊन वाकल्या होत्या. सोमवारपासून कापणी धरायची, असं आबांनी ठरवलं होतं. वर्षभराचा भात त्या एका शेतातून यायचा, दुसरीकडून कुठून नाही. एवढं ध्यानात ठेवा, बरं का.

मग आजीनं चुलीवर आधण ठेवलं आणि वेणूच्या हाती मापटं दिलं. म्हणाली, "जा गं, कणगीतून तांदूळ घेऊन ये." कणगी म्हणजे बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली धान्याची मोठी कोठी. दोन माणसं आत बसतील एवढी रुंद, पण उंचीला वेणूच्या छातीएवढीच. वेणू आत वाकली. वाकली ती कमरेपर्यंत आत गेली. तळाला हात घातला, खरवडलं, पुन्हा खरवडलं, तेव्हा कुठे एक मापटं भरलं. आणि मग कणगीत डोकं तसंच ठेवून ती ओरडली,

"आजी, तांदूळ संपले!"

आता यात तिचं काय चुकलं? शहरात तेल संपतं, साखर संपते, पेन्सिलसुद्धा संपते, आणि तसं बोलायला कुणी हरकत घेत नाही. पण हरणटेंब्याला तसं बोलायची रीत नव्हती. तिथं मीठ वाढतं, कुंकू वाढतं, तांदूळ वाढतात. तळ दिसला तरी माणसं म्हणतात, तांदूळ वाढले. संपणं हा शब्दच त्या घरात कुणी कधी उच्चारला नव्हता.

वेणूनं तो उच्चारला आणि रिकाम्या कणगीत तो घुमला. घुमता घुमता काळा झाला, गोल झाला, त्याला पाय फुटले, पंख फुटले. एक काळाभोर भुंगा वेणूच्या कानाजवळून भर्रकन निघाला आणि खिडकीतून थेट शेतात शिरला.

आजीच्या हातातली पळी थांबली. जरा वेळानं आबा शेतातून आले. त्यांच्या हातात एक लोंबी होती. त्यांनी एक दाणा नखानं दाबला. आत काही नव्हतं, नुसतं फोल. दुसरा दाबला, फोल. तिसरा दाबला, तोही फोल.

"सकाळी तर दाणा भरलेला होता," आबा म्हणाले आणि ओट्यावर बसले.

"कोण काय बोललं ते मला ठाऊक आहे," आजी हळूच म्हणाली.

बाबांना ते रुचलं नाही. "आई, दोन दिवसांसाठी आलोय. पोरीला कशाला घाबरवतेस? एका शब्दानं कुठे पीक जातं?"

"मग दाब की तू दाणा," आजी म्हणाली. "शिकलेला आहेस. तुझ्या नखाला सापडेल."

बाबांनी दाणा दाबला. तोही फोल निघाला.

वेणू रडली नाही. तिनं विचारलं, "आजी, तो शब्द परत आणता येतो का?"

"येतो. पण ज्याच्या तोंडून निघाला त्यानंच आणावा लागतो. आणि उद्या दिवस मावळायच्या आत. मावळला, की सोमवारी कोयता फक्त फोल कापणार."

"मग मी आणते," वेणू म्हणाली, आणि निघालीच.

तिनं आधी काय केलं? घरातलं सूप उचललं. बांधावर दबा धरून बसली. दुपार झाली, ऊन डोक्यावर आलं, आईनं दोन हाका मारल्या, तरी ती हलली नाही. शेवटी भुंगा एका लोंबीवर बसला. वेणूनं सूप झपकन पालथं घातलं. सापडला! पण भुंगा सुपाला चिकटला आणि आतून म्हणाला, "संपलं." झालं. सुपाला भोक पडलं आणि तो त्यातून बाहेर आला.

"चांगलं सूप होतं हो," तो म्हणाला आणि उडाला.

मग वेणूनं दुसरा उपाय योजला. चुकीच्या शब्दावर बरोबर शब्द घालावा, असं तिला वाटलं. विचार चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. रविवारी उजाडताच ती बांधावर उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणू लागली, "वाढलं! वाढलं! वाढलं!" शंभरदा म्हणाली. छबीला वाटलं हा खेळ आहे, तीही शेजारी उभी राहून ओरडू लागली, "वालनं! वालनं!"

भुंगा समोरच्या काडीवर येऊन बसला. म्हणाला, "काय वाढलं? दाखव."

वेणूनं आजूबाजूला पाहिलं. दाखवायला काहीच नव्हतं.

"नुसतंच बोलतेस होय?" भुंगा हसला. उडून तिच्या गळ्याशी बसला आणि म्हणाला, "संपलं." तसा वेणूचा आवाजच गेला. तिनं तोंड उघडलं, ओठ हलवले, पण साधा हुंकारही उमटेना.

आता बघा. शब्दानं केलेली चूक, आणि ती सुधारायला शब्दच उरला नाही. दुसरं कुणी असतं तर आईच्या कुशीत जाऊन बसलं असतं. वेणूनं डोळे पुसले आणि ती घरात आली, पण हार मानून नव्हे. भूक लागली होती म्हणून.

घरात पानं मांडली होती. मापटंभर तांदळांतले अर्धे शनिवारी शिजले होते, उरलेले अर्धे आज. प्रत्येकाच्या केळीच्या पानावर भाताची एकच लहानशी मूद आली. आजी एकेकाच्या पानापाशी वाकत होती आणि बाबांना विचारत होती, "दिनू, वाढू का रे अजून?" पातेल्यात काही नव्हतं, तरी विचारत होती.

वेणूनं ते ऐकलं. वाढू का! तिनं आजीकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, आपल्या पानाकडे पाहिलं. एक वाढणं असतं झाडाचं, आणि एक वाढणं असतं पानावरचं. दोन्हींना माणसांनी एकच शब्द ठेवला आहे. का ठेवला असेल? एवढा मोठा प्रश्न आठ वर्षांच्या पोरीला पडला, आणि त्याचं उत्तर तिला जेवता जेवता नव्हे, न जेवता सापडलं.

तिनं आपलं पान दोन्ही हातांनी उचललं आणि ती दाराकडे निघाली.

"अगं, भरलं पान घेऊन कुठे चाललीस?" आई म्हणाली.

वेणूला बोलता कुठे येत होतं? आजी म्हणाली, "तिला अडवू नकोस." छबी आपली मूद मुठीत धरून तिच्यामागून निघाली, तिला मात्र बाबांनी पकडून आणलं.

मग वेणू बांधावर गेली. जागा हातानं झाडली. पाणी शिंपडलं. पान मांडलं. मीठ डावीकडे, भात मध्ये, वर तुपाची धार. सगळं रीतसर, पाहुण्याला मांडतात तसं. आणि समोर बसून तिनं भुंग्याला हात जोडले.

उन्हं कलली तेव्हा कुठे भुंगा दुरूनच म्हणाला, "हे कुणाचं?"

वेणूनं त्याच्याकडे बोट केलं.

"माझं? मला तर केरसुणी दाखवतात. माझं नावसुद्धा कुणी घेत नाही. मला कधी कुणी पान मांडलेलं नाही."

वेणूनं फक्त मान हलवली आणि पान जरा पुढे सरकवलं.

भुंगा आला. भाताचं एक शीत खाल्लं. ते त्याच्याएवढं होतं, बरं का. मग दुसरं खाल्लं. मग तिसरं. तिसऱ्या शितानंतर तो हळूहळू चावू लागला, थांबला, आणि त्यानं एक लहानसा ढेकर दिला. वेणूनं आजीसारखंच केलं. वाकली, आणि चौथं शीत चिमटीत धरून त्याच्यापुढे नेलं. भुंग्यानं सहाही पाय पानावर आडवे धरले. आग्रह झालेला पाहुणा पानावर हात धरतो ना, अगदी तसे.

"पुरे!" तो म्हणाला. "पुरे, बाई, पुरे!"

भरल्या पोटानं कुणाला संपलं म्हणता येतं का? त्यालाही येईना. त्यानं म्हणून पाहिलं. तोंडून निघालं ते "पुरलं." त्याच्या पाठीवरचं काळं कवच उकललं, आत भाताच्या रंगाचे पंख होते. ते पसरून तो शेतावरून उडाला आणि प्रत्येक ओळीवर तेच म्हणत गेला, पुरलं, पुरलं. मागोमाग लोंब्या पुन्हा जड होऊन खाली वाकत गेल्या. सूर्य अजून कासराभर वर होता.

आबांनी बांधावर येऊन एक दाणा दाबला. आत पांढराशुभ्र तांदूळ. त्यांनी तो वेणूच्या तळहातावर ठेवला.

"आबा, अजून एक दाबा ना," वेणू म्हणाली, आणि आपलाच आवाज ऐकून दचकली.

मग बाबा काही एसटीत बसले नाहीत. साहेब रागावला का? चांगला रागावला. पण सोमवारी सगळ्यांनी मिळून कापणी केली, बाबांच्या हाताला फोड आले, आईनं पेंढ्या बांधल्या, छबीनं त्या सोडल्या. मळणी झाली आणि कणगी काठोकाठ भरली. तेव्हापासून त्या घरात जेवण झालं, की कुणीतरी भाताची तीन शितं बांधावर ठेवून येतं. आणि सगळे सुखानं नांदतात.

आता तुमची पोटं भरली आहेत, अंगावर गोधडी आहे, आणि आजचा दिवस आपल्याला अगदी पुरला आहे. मिटा डोळे.