खुंटीवरचा सदरा

कपाटं आणि खुंट्या आपसांत बोलत, त्या काळची ही गोष्ट. यजमान गेल्यावर इंदूताई नव्या घरात राहायला आल्या. आल्या आल्या त्यांनी झोपायच्या खोलीत एक खुंटी ठोकून घेतली. पुढे सुतार भिंतभर कपाट बसवू लागला, तेव्हा ती आड येऊ लागली.

"सर बाजूला," कपाट म्हणालं. "साड्या, शाली, पांघरुणं, सगळ्यांची जागा माझ्यात आहे."

"एकदा अंगात घातलेला सदरा कुठे ठेवशील?"

"धुतलेल्या कपड्यांत तो चालायचा नाही. धुवायला जाईल."

सुताराने खुंटीला पक्कड लावली, तेवढ्यात इंदूताई आल्या. त्यांच्या हातात यजमानांचा सदरा होता, इस्पितळात जाताना काढून ठेवलेला.

"दादा, खुंटी राहू द्या. हा मला धुवायचा नाही. कपाट वीतभर आखूड करा."

कपाट आखूड झालं. दिवस गेले. एकदा त्याने हळूच विचारलं, "जड होतो का गं तो सदरा?"

"एरवी नाही," खुंटी म्हणाली. "पण रोज सकाळी इंदूताई त्यात तोंड खुपसून उभ्या राहतात, तेव्हा मला भिंत घट्ट धरावी लागते."