गुरुवारची मूठ

"आक्का, माझं चुकलं तरी कुठे?"

एवढं विचारून शालनने गोदाक्कांच्या पायाशी बसकण मारली.

तालुक्याच्या दवाखान्यात रोग्यांसोबत आलेल्या परगावच्या माणसांना दोन घास मिळावेत, म्हणून आक्कांनी अन्नघर सुरू केलं होतं. गेली नऊ वर्षं ते शालन सांभाळत होती.

आक्का तुळशीच्या वाळल्या मंजिऱ्या चुरत होत्या.

"व्याज पुरेना, आक्का. ठेव मोडून खातोय आपण. दिवाळीपर्यंत चूल पेटेल... पुढे नाही."

"गावाला ठाऊक आहे?"

"नाही. त्यांना वाटतं, बँकेत पैसा आहे, छान चाललंय."

"तूच सांगितलंस ना तसं."

शालनने मान खाली घातली.

पूर्वी दर गुरुवारी आक्का झोळी घेऊन दारोदार जायच्या. रोजचा भात टाकताना बायका एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात काढून ठेवत. गुरुवारी तो डबा झोळीत रिता होई. मग एक मोठी देणगी आली, ती बँकेत ठेव म्हणून ठेवली. शालननेच तोऱ्यात जाहीर केलं, आता कुणाला त्रास नको, फेरी बंद.

"ती देणगी देणारे मुंबईचे शेठ तुम्हाला मानतात. एक चिठ्ठी द्या ना..."

"मूठ काढायची सवय मोडली असेल तुझी."

 शालन हळूच म्हणाली,

"नाही हो आक्का. अजून हात थांबतो. मूठ भरते... आणि परत टाकते. नेणार कोण? गुरुवार आला की कान दाराकडे लागतात. उपास माझा, आणि भूक भलत्याच गोष्टीची... वेडी म्हणाल मला."



गुडघ्यांवर हात टेकून आक्का उठल्या. खुंटीवरची झोळी काढली, धूळ झटकली, गळ्यात अडकवली.

"चल. दात्याकडे जाऊ."

शालन हरखली. चिठ्ठी मागितली, तर आक्का स्वतःच निघाल्या! पदर सावरत ती भराभर मागे चालू लागली.

एसटी स्टँडचा रस्ता मागे पडला. आक्का बोळात वळल्या... आणि शालनच्याच दारासमोर उभ्या राहिल्या.

दोन्ही हातांनी झोळी पसरली.

"आक्का, अहो, हे काय..."

"आत जा, माई. मी थांबते."