पाय आधी उचलला

खूप खूप वर्षं झाली या गोष्टीला. डोंगरावर एक गाव होतं आणि त्या गावात मोटार एकच होती. ती दोघा भावांची. थोरला भागोजी तिची दुरुस्ती करी, धाकटा येसू ती चालवी.

येसूचा जीव कधी एका जागी ठरत नसे. जेवताना त्याचं लक्ष दाराकडे असे आणि दारात गेला की रस्त्याकडे.

त्यांच्या बहिणीचं, चंद्रीचं लग्न ठरलं. लग्न घाटाखालच्या गावी, दुपारच्या मुहूर्तावर. नेमकी त्या सकाळी ब्रेकची नळी गळताना दिसली. भागोजीने नळी बदलली, नवं तेल भरलं. पण नळी उघडली की आत हवा शिरते, ती काढावीच लागते. तेल दाबाखाली आकसत नाही, हवा आकसते. आत हवा राहिली तर पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही.

हे काम दोघांचं. भागोजी चाकाजवळ आडवा झाला, येसू वर बसला. भागोजी म्हणे, “दाब.” येसूने पेडल दाबून धरायचं. मग भागोजी चाकाजवळची हवा सोडायची बारीक चावी सैल करी, हवेचे बुडबुडे तेलाबरोबर बाहेर येत. चावी पुन्हा आवळली की तो म्हणे, “सोड.” तेव्हाच पाय उचलायचा. आधी उचलला तर बाहेरची हवा परत आत ओढली जाते.

दाब, सोड. दाब, सोड. एक चाक झालं, दुसरं झालं. अंगणात बायका साड्या सावरून उभ्या होत्या, ऊन चढत होतं. आईने दोनदा विचारलं, निघायचं कधी. येसूची नजर सारखी रस्त्याकडे जाऊ लागली. शेवटच्या चाकाला तो “सोड” ऐकायच्या आधीच पाय उचलू लागला. खाली आडव्या भागोजीला त्याचा पाय दिसत नव्हता.

“पेडल घट्ट लागतंय का?” भागोजीने विचारलं.

पेडल मऊ होतं. येसूने ते भराभर चार-सहा वेळा मारलं, तसं ते क्षणभर घट्ट झालं.

“दगडासारखं,” येसू म्हणाला.

भागोजीने हात पुसले. एकदा सपाटीवर रिकामी गाडी फिरवून बघू, असं तो म्हणत होता, पण येसूने ऐकलं नाही. सगळे बसले आणि गाडी निघाली.

घाटाच्या पहिल्या उताराला पेडल थोडं खाली गेलं. पुढच्या वळणावर ते पार तळाला टेकलं. येसू पाय आपटत राहिला, गाडी धावत राहिली. उजवीकडे दरी होती. त्याने हातातलं चाक डावीकडे फिरवलं आणि गाडी डोंगराला घासत नेली. मोटार थांबली. माणसं वाचली, पण डोंगराच्या बाजूला बसलेल्या भागोजीचा हात मोडला.

मुहूर्त टळला. चंद्री पिवळ्या साडीत घाट पायी उतरली आणि दिवेलागणीला, धुळीने भरलेल्या पायांनी बोहल्यावर चढली.

भावाचा हात बांधताना येसूने सगळं सांगितलं. मान खाली घालून तो म्हणाला, “दादा, पेडल घट्ट नव्हतं.”

भागोजी म्हणाला, “नळीतली हवा मला बुडबुड्यांत दिसते. तुझा पाय मला दिसत नाही. तिथं तुझ्या शब्दावरच चालावं लागतं.”

गाडी घरी ओढून आणली, पण एका हाताने पाना कसा फिरवणार? या खेपेस भागोजी वर बसला आणि येसू चाकाजवळ आडवा झाला. वर बसलेल्या भावाला खालचं काही दिसत नाही, तो नुसता आपला शब्द ऐकतो, हे त्याला तिथे पडल्यावर कळलं. बुडबुडे येत होते, थांबत होते, पुन्हा येत होते. त्याचं अंग चुळबुळत होतं, उठून पळावंसं वाटत होतं. पण चावी नीट आवळल्याशिवाय त्याच्या तोंडून “सोड” निघालं नाही. नुसतं तेल येईपर्यंत तो तिथेच पडून राहिला.

म्हणून सांगतो, लहानांनो आणि मोठ्यांनो: ज्याला आपलं काम दिसत नाही, त्याच्याशी खोटं बोलू नये, तो आपल्या शब्दावर जीव ठेवून असतो.