आसनावरून उतरलेला साक्षीदार

पूर्वी चंपकपुरीत राजा वेणुसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा न्यायामात्य होता. त्याच नगरात सोणा नावाची एक विधवा माळीण राहत असे. बाई कामाला वाघ, पण संशयी म्हणजे किती! शेजारणीनं हसून विचारपूस केली, तरी हिच्या मनात पाल चुकचुकायची.

तिचं सगळं पोट एका मोगऱ्याच्या मळ्यावर. वरच्या अंगाला सोमिल नावाच्या धनाढ्य गृहपतीचं शेत होतं. ओढ्याचं पाणी त्याच्या शेतातल्या पाटानं सोणाच्या मळ्यात येई. एका उन्हाळ्यात ती महिनाभर माहेरी गेली, आणि परत येऊन पाहते तो पाट बुजलेला, वर ऊस लावलेला.

"पाट?" सोमिल म्हणाला. "कसला पाट? इथं कधी पाट नव्हताच, बाई."

आजूबाजूची शेतंही त्याचीच. गड्यांनी माना खाली घातल्या. मोगरा करपू लागला होता, फार तर आठ दिवस तगला असता. सोणा तरातरा न्यायसभेत गेली.

तिनं तीन साक्षीदार नेले होते. पहिला म्हणाला, "सोमिल गुळात माती मिसळतो."

"मिसळत असेल," बोधिसत्त्व म्हणाला. "पण त्यावरून पाट होता की नव्हता, हे कसं कळणार?"

दुसऱ्यानं सांगितलं, की पाट होता असं त्यानं बाजारात ऐकलं होतं.

"ज्यानं पाहिला, त्याला घेऊन या."

तिसरी सोणाची मैत्रीण. ती सोणाच्या कष्टांचं वर्णन करून घळाघळा रडली. बोधिसत्त्वानं तिला पाणी दिलं आणि जायला सांगितलं. मग सोमिलचा मेहुणा उठला आणि सोणा कशी भांडकुदळ आहे ते सांगू लागला. त्यालाही तसंच खाली बसवलं गेलं. पण हे सोणाच्या डोळ्यांत कुठलं भरायला! आपली माणसं हाकलली, एवढंच तिला दिसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं अमात्याचा रथ सोमिलच्या फाटकाशी उभा असलेला पाहिला. "साटंलोटं झालं!" ती कपाळावर हात मारून म्हणाली. "आता गेला माझा मळा."

तिसऱ्या दिवशी राजा स्वतः सभेत होता. बोधिसत्त्व आसनावरून उठला, न्यायाधीशाचं पागोटं उतरवून त्यानं राजापुढे ठेवलं आणि साक्षीदाराच्या जागी येऊन उभा राहिला.

"महाराज, दोन वर्षांपूर्वी मी एका पाटात पाय धुतले होते. तो हाच, हे मला काल ती जागा पाहिल्यावर कळलं."

राजा चकित झाला. "मग बसल्या जागी निकाल द्या की, पंडित! साक्षीला उतरलेला पुन्हा त्या आसनावर चढत नाही, हा आपल्याकडचा नियम तुम्हीच मला शिकवलात."

"महाराज, जे फक्त माझ्या डोक्यात आहे, त्यावर निकाल कसा देऊ? आसनावरच्या माणसाला उलटे प्रश्न कोण विचारणार?"

तेव्हा आसनावर दुसरा अमात्य बसला. सोमिल घाम पुसत म्हणाला, "दुसरा एखादा पाट असेल. माणूस चुकतो."

"चुकतो," बोधिसत्त्व म्हणाला. "मी पाहिलं ते इतकंच. उंबराच्या बुंध्याशी दगडी मोरी होती, आणि पाणी मोगऱ्याकडे जात होतं."

इतक्यात सोणा ताडकन उठली. साक्ष तिच्याच बाजूची होती, पण स्वभाव कुठे जातो? "आणि काल याच्या फाटकाशी रथ का होता? मला का नाही बोलावलं?"

सभेत कुजबूज झाली. बोधिसत्त्वानं मान खाली घातली. "बोलवायला हवं होतं, बाई. दोघांनाही बोलवायला हवं होतं. ती माझी चूक."

नव्या अमात्यानं दोघांना सोबत नेऊन उंबरापाशी ऊस खणायला लावला. हातभर खाली दगडी मोरी निघाली. संध्याकाळपर्यंत पाणी मळ्यात पोचलं, आणि सोणा त्या चिखलात बसून ओक्साबोक्शी रडली.

चार दिवसांनी ती मोगऱ्याची परडी घेऊन बोधिसत्त्वाकडे गेली. तो अमात्याचं घर रिकामं करून सामान बैलगाडीत चढवत होता. शेवटी तिला राहवेना.

"आर्य, खरं सांगा. यात तुमचा काय फायदा?"

बोधिसत्त्व मोठ्यानं हसला. "शोध, बाई, शोध. सापडला तर मलाही सांग."

ही पूर्वजन्मीची गोष्ट सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, समोरच्या भिक्षुणींकडे पाहून म्हणाले, "तो सोमिल म्हणजे काल विहाराच्या कुंपणावरून भांडायला आलेला गृहस्थ. राजा वेणुसेन म्हणजे त्याला शांत करणारा आपला वृद्ध उपासक. सोणा म्हणजे ही भिक्षुणी सुतना, जी अजून भिक्षेतला घास उलटासुलटा करून पाहिल्याशिवाय खात नाही. आणि आसनावरून उतरलेला तो अमात्य मी होतो. आपल्याला ठाऊक असलेलं खरंसुद्धा दुसऱ्याच्या प्रश्नांपुढे उभं करायचं, हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."

सुतनेनं हात जोडून विचारलं, "भगवन्, पण हे तुम्ही पाहिलंत, की कुणाकडून ऐकलंत?"

शास्ता म्हणाले, "साधु, सुतने, साधु."