खारातलं लाल भात

नागोजी महाराज त्या वर्षी खाडीकाठच्या कोपरखार गावी राहिले होते. दोन वर्षांपूर्वी उधाणाने बांध फुटला आणि धाकलीबायच्या शेतात खाडीचे पाणी शिरले. तेव्हापासून जमीन मिठाने पांढरी पडली होती. गावचा रिवाज असा, की सलग तीन वर्षे जे शेत पिकले नाही ते खोताचे. अनंतराव खोतांना तिथे मिठागर घालायचे होते, त्यामुळे तिसरे वर्ष कधी सरते याकडे त्यांचे डोळे लागले होते.

धाकलीबाय महाराजांच्या पायाशी येऊन रडली. घरात सासूने जपलेले लाल भाताचे बियाणे तेवढे उरले होते. महाराज म्हणाले, "नांगर लावू नकोस, बाय. नांगरलंस तर खालचं मीठ वर येईल. पावसाने शेत धुऊन निघालं, की मोड आलेलं बी चिखलावर फेकून दे." तिने तसेच केले. रोपे तरारली.

पण भादव्यात पाऊस गेला तो गेलाच. जवळ एकच डबके, तेही मचूळ पाण्याचे.

"महाराज, यो पानी घातला त भात मरंल," ती म्हणाली. "मंग माजी जमीन गेली."

"घाल. मी बसतो तिथे."

महाराज शेतात पाय सोडून बांधावर बसले. ती देवाचे नाव घेत हंडे ओतू लागली. खोत हसले, "मिठाच्या पाण्यावर भात? मग खाडीतच पेरा की!" गावही हसले. खरे सांगायचे तर आपणही हसलो असतो.

नऊ दिवस महाराज जागचे उठले नाहीत. दहाव्या दिवशी करपलेले शेत बघायला खोत मुद्दाम आले. भात हिरवेगार होते, लोंब्या डोकावत होत्या. चिखल काळाभोर, मिठाचा कण नाही. मग त्यांची नजर महाराजांच्या पायांकडे गेली. तळव्यापासून गुडघ्यापर्यंत मिठाचे पुट चढले होते आणि कातडी जागोजागी फाटली होती.

"महाराज, हे काय?"

"शेताला जड होत होतं. थोडं मी घेतलं."

केवढी ही माया! खोत पागोट्यासकट चिखलात वाकले. पायांवर डोके ठेवताना ओठांना मीठ लागले, तसा त्यांना हुंदका आवरेना.

"जमीन बायचीच राहील," ते म्हणाले. "आता उठा, महाराज."

"अजून पंधरा दिवस भाताला पाणी लागेल."

खोतांनी वहाणा काढल्या आणि महाराजांशेजारी बसून आपले पाय त्या पाण्यात सोडले.