शिंग वाजेपर्यंत

त्या राज्यात मीठ पिकत नसे. ते घाटापलीकडून खेचरांच्या पाठीवरून येई. गडावरचा कारभारी मोर कधी पलीकडच्या, मीठ लादायच्या तबेल्यात उतरत नसे. रोज पहाटे साळुंकी प्रत्येक खेचराला उंची, वय आणि दात विचारून जाई, आणि त्या उत्तरांवरून मोर ओझी वाटून देई.

एकदा वळणावर एक धडधाकट खेचर कोसळलं, तेव्हा कळलं, त्याच्या खुराला भेग होती. कुणी विचारलंच नव्हतं. साळुंकी मुळात भित्री, पान हललं तरी दचकणारी. पण त्या दिवशी तिने धीर केला.

"सरकार, एक प्रश्न वाढवू का? खुराला भेग आहे का, एवढाच."

"वाढव," मोर म्हणाला. "पण निघायचं शिंग वाजेपर्यंत जो बोलणार नाही, त्याला भेग नाही असं समजायचं. एकासाठी का सगळा घाट खोळंबवायचा?"

साळुंकीला ते पटलं नाही. मान मात्र डोलली.

दुसऱ्या पहाटे ती सगळ्यांत शेवटी म्हाताऱ्या गौरापाशी आली. हिच्याच आयाळीत तिने पहिल्यांदा पंख झाडले होते.

"गौराकाकी, लवकर सांग गं!"

"थांब की पोरी. भेग काय जिभेवर असते होय? पाय उचलून बघू तर दे."

गौराने तीन खूर पाहिले. चौथा उचलला, अन् शिंग वाजलं. साळुंकी दचकून भुर्रकन उडाली.

नियमाने गौराला भेग नव्हती. तिच्यावर पुरतं ओझं चढलं, आणि संध्याकाळी ती परतली नाही.

पुढच्या पहाटे तबेला शहाणा झाला होता. प्रश्न पुरा व्हायच्या आत जो तो ओरडे, "आहे, आहे, भेग आहे!" उरलं गौराचं रिकामं ठाण. साळुंकीने हुकुमाप्रमाणे तिथेही विचारलं. या खेपेला शिंग वाजल्यावरही ती जागची हलली नाही. मग गडावर गेली.

"सरकार, तिथे कुणी..."

"भेग आहे म्हणाली का?"

"नाही, पण..."

"झालं तर."

सगळ्यांची ओझी हलकी झाली. राहिलेलं सगळं मीठ गौराच्या ठाणात गेलं. ओझी चढवणाऱ्या वानरांनी पोत्यांवर पोती रचली, ती पार आढ्याला टेकली.

"एवढं ओझं, अन् हूं की चूं नाही!" मोर गडावर खूश झाला, आणि त्याने मानाची घंटा पाठवली.

ती हातात घेऊन एक वानर दिवसभर पोत्यांभोवती फिरत होता, गळा शोधत.