फुलावर आलेला ताग

फार पूर्वी वेणुनगरात सुधन्वा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नदीकाठच्या एका केळी बागाईतदाराच्या घरी जन्मले होते. त्यांच्या बांधाला लागूनच कालकाची बाग. बोधिसत्त्वांची केळ घडांनी वाकलेली, कालकाची पिवळी पडून मान टाकलेली. मेल्याचा नुसता जळफळाट व्हायचा! शेजारचा घड दिसला की त्याला घास गिळवत नसे. त्यातच राजाने फर्मावले, की यंदा कालकाची बाग पिकली नाही तर ती शेजाऱ्याला द्यावी.

"अहो, जळत काय बसलात?" बायको रेवती म्हणाली. "जाऊन विचारा ना त्यांना!"

कालक गेला. बोधिसत्त्वांनी हातचे काही न राखता सांगितले, "केळीच्या ओळींमध्ये ताग पेर. फूल दिसलं की कोवळा असतानाच कापून मातीत गाड. कुजला की जमीन कशी लोण्यासारखी होते बघ."

परतताना कालक मनाशी हसला. वा रे शहाणा! माझी बाग ज्याच्या घशात जायची, तो मला खरं सांगेल? फुलावर काप म्हणतोय, म्हणजे फुलावर कापायचाच नसणार! त्या जागी कालक स्वतः असता, तर खोटेच बोलला असता. त्याने ताग वाढू दिला आणि शेंगा खुळखुळू लागल्यावर गाडला. लाकडासारख्या काड्या काही केल्या कुजेनात. केळ आणखीच पिवळी पडली.

तो तणतणत बांधावर आला. "फसवलंस मला!"

"फुलावर कापला होतास?"

कालकाने नकारार्थी मान हलवली.

बोधिसत्त्वांचा नवा ताग तेव्हा फुलावर होता. त्यांनी तो सगळा कापला, भारे वाहिले आणि कालकाच्या बागेत गाडला. स्वतःच्या जमिनीसाठी काडीही उरली नाही.

त्या वर्षी कालकाचे घड टेकू मोडतील असे लगडले आणि बाग त्याच्याकडेच राहिली; बोधिसत्त्वांचे घड मात्र बारीक राहिले. इतकी वर्षे कालकाने देवाजवळ हेच तर मागितले होते! पण आता त्याची नजर शेजारच्या बारीक घडांवरून हटेना.

"माझे घड बघून तुला काहीच वाटत नाही?" त्याने विचारले.

"वाटतं ना. रोज बांधावर येऊन बघतो. डोळे निवतात बघ."

कालक हमसून हमसून रडला.

एवढी कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, जमलेल्या भिक्षूंना म्हणाले, "सोबत्याचे भिक्षापात्र भरलेले पाहून आज जेवणावरून उठलेला हा भिक्षू, तोच तेव्हाचा कालक. त्याची समजूत घालणारी उपासिका म्हणजे रेवती. आणि तो शेजारी मीच होतो."

दुसऱ्याचे भले पाहून आपले मन भरून येणे, यालाच मुदिता म्हणतात.